मैफलीचा स्वर आणि घरचा स्वर

मैफलीपेक्षा घरी गाणे अधिक चांगले ऐकू येते, हे वाक्य अलीकडे नागपुरात इतक्या लोकांच्या तोंडून आमच्या कानी आले आहे की, त्याचा एकदा नीट विचार करणे आम्हास प्राप्त झाले आहे. हे बोलणारे लोक अरसिक असते तर प्रश्नच नव्हता. परंतु ज्यांनी गाण्यापायी जन्मभर झोपा मोडल्या, पौषातल्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून सिव्हिल लाइन्सपासून महालापर्यंत सायकली हाणल्या, तेच लोक आज तिकीट हाती असूनही घरी राहतात, तेव्हा ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गायकासमोरून जाणता श्रोता उठून गेला, तर मागे राहिलेल्या गर्दीच्या बळावर गाणे फार दिवस तग धरील असे आम्हास वाटत नाही.

प्रथम घरची बाजू पाहू. नागपुरात घरी गाणे ऐकणे ही बारमाही गोष्ट नव्हे, हे परगावच्या वाचकास सांगितले पाहिजे. गुढीपाडवा उलटला की येथे घरोघरी कूलर सुरू होतात. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत असते, पंखा घोंघावत असतो, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्या घोंघावण्याखेरीज दुसरा षड्ज घरात लागत नाही. किमती यंत्रे बाळगणाऱ्या आमच्या एका परिचितांनी ध्वनिक्षेपकांच्या जोडीवर जो खर्च केला, त्यात लहानसे घर झाले असते. तरी वैशाखात त्यांच्या दिवाणखान्यात विलंबित ख्याल ऐकणे म्हणजे धबधब्याखाली बसून पत्र वाचून घेणे होय. कूलर बंद करावा तर गाणे ऐकू येते, पण ऐकणारा उरत नाही. असो. हिवाळ्यात मात्र हेच घर शांत असते, आणि मैफलींचे दिवसही नेमके तेच. तेव्हा खरी स्पर्धा कार्तिकापासून माघापर्यंतच चालते.

घरच्या गाण्याने आमच्यावर केलेले उपकार लहान नाहीत. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरविला गेला, तेव्हापासून जो गायक गावात कधी येणार नाही तोही घरात येऊ लागला. त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. आरंभीच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायकाने एका कर्ण्यात तोंड घालून ओरडल्यासारखे गावे, आणि त्या ध्वनीच्या जोरावर सुईने मेणावर रेघ ओढावी, असा तो प्रकार होता. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आल्यावर हलका आवाजही टिपला जाऊ लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या काळातील ध्वनिमुद्रिका आज ऐकल्या तर करकर पुष्कळ आहे, पण त्या करकरीमागे स्वर कोठे लागला व किती वेळ थांबला याविषयी तिळमात्र शंका राहत नाही. १९४८ साली नागपुरास आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, १९५२ पासून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम प्रसारित होऊ लागला, आणि ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर शेजारीपाजारीही बसू लागले. मध्यम लहरींवरून येणाऱ्या त्या आवाजात वरचे सूक्ष्म ध्वनी गळून जात. तानपुरा असे, पण त्याची जवारी वाटेतच कोठेतरी राहत असे. पुढे दीर्घकाल वाजणारी तबकडी आली, कॅसेट आली, १९८२ साली सुमारे सव्वा तास वाजणारी काचेसारखी चकती निघाली, आणि आता तर जगाचे संगीत खिशातील यंत्रात मावते. गळून गेलेली जवारीही परत आली आहे. उत्तम यंत्रावर तानपुऱ्याच्या घोडीवरील सूत कोठे सरकवले आहे, हेसुद्धा जाणत्या कानाला आज घरबसल्या कळते.

तरीसुद्धा घरचा स्वर हा मैफलीचा स्वर नव्हे, आणि याचे कारण यंत्रांच्या दोषात नसून त्यांच्या गुणात आहे. ध्वनिमुद्रणाचा मायक्रोफोन गायकाच्या ओठांपासून वीतभर अंतरावर असतो. आम्ही घरी ऐकतो तेव्हा वस्तुतः तेथे आपला कान ठेवतो. गायकाच्या इतक्या जवळ कोणत्याही युगातला श्रोता बसलेला नाही. पहिल्या रांगेतला आश्रयदाताही नाही. त्यामुळे श्वास ऐकू येतो, ओठ सुटल्याचा आवाज ऐकू येतो, आणि स्वर तोंडातून निघून भिंती, छत, माणसे यांना स्पर्शून जे काही होतो ते मात्र ऐकू येत नाही. ज्याला आपण आवाजाची 'आस' म्हणतो, ती गळ्यात जितकी असते तितकीच खोलीतही असते. घरी आपल्याला गळा मिळतो, खोली मिळत नाही. एखाद्याचे हस्ताक्षर भिंगाखाली पाहावे तसे हे ऐकणे आहे. अक्षरन् अक्षर स्पष्ट, पण पत्र लिहिणारा माणूस कोठे बसला होता ते कळत नाही.

मग सभागृहात तरी ती खोली मिळते काय? येथे प्रश्नाचे मर्म आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण अध्यापकाकडे एक व्याख्यानगृह दुरुस्त करण्याचे काम आले. तेथे बोललेला शब्द इतका वेळ घुमत असे की पुढचा शब्द त्यात बुडून जाई. सॅबाइनने रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या त्या खोलीत वाहून नेल्या, आणि किती गाद्या ठेवल्या असता घुमणे किती कमी होते हे ऑर्गनची एक नळी व घड्याळ घेऊन मोजले. सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर घातला गेला. त्याच्याच मार्गदर्शनाने १९०० साली बांधलेले बोस्टनचे संगीतगृह आजही उत्कृष्ट समजले जाते. तेथे ध्वनी मालवावयास सुमारे दोन सेकंद लागतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदास ते मानवते. शंभर वाद्यांचे स्वर त्या अवधीत एकमेकांत मुरतात.

आमच्या ख्यालास ते मानवणार नाही. द्रुत तानेत गायक सेकंदास सात-आठ स्वर सहज घेतो. दोन सेकंद घुमणाऱ्या जागेत प्रत्येक नव्या स्वरावर मागच्या दहा-पंधरा स्वरांची सावली पडलेली असणार. ज्यांचे गाण्याचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरू झाले त्या वसंतराव देशपांडे यांची तान मनात आणून पाहा. तिची वळणे इतकी अनपेक्षित आणि तिचे दाणे इतके निरनिराळे की घुमणाऱ्या जागेत तिचा केवळ गडगडाट होईल. आमचे गाणे ज्या जागी वाढले ती जागा निराळी होती. महालातील जुना वाडा घ्या, किंवा कोणत्याही मराठी गावातील घ्या. लाकडी तक्तपोशी, जमिनीवर कापसाच्या गाद्या, भिंतीस लोड, दारांस पडदे, आणि मांडीला मांडी लावून बसलेली चाळीस-पन्नास माणसे. सॅबाइनने ज्या गाद्या चोरपावलांनी वाहून नेल्या, त्या आमच्या बैठकीत आधीपासूनच अंथरलेल्या होत्या! तेथे ध्वनी फार घुमत नसे. स्वर सुटे, जवळचे आणि कोरडे नसलेले असे ऐकू येत. बैठकीत हलक्या मुरकीला, कणस्वराला, खर्जातील कुजबुजीला जे मोल आले, ते त्या खोलीने दिलेले आहे.

याच्या उलट टोकास नाटक होते. बालगंधर्व मोठाल्या नाटकगृहांत ध्वनिक्षेपकाखेरीज गात आणि पिटातील शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत, हे आजच्या तरुणास खोटे वाटते. पण त्या नाटकगृहांत लोक ऐकण्यासाठी गप्प बसत, पंखे क्वचित होते, आणि बाहेर मोटारी नव्हत्या. आवाज मोठा करण्यापेक्षा गलबला लहान असण्याची सोय त्या काळी होती.

आता ध्वनिक्षेपकाविषयी. तो नसता तर हजार-दोन हजार लोकांनी एकत्र गाणे ऐकणे अशक्य होते, हे आम्ही विसरत नाही. रेशीमबागेतील सुरेश भट सभागृहात, जे २०१७ साली खुले झाले, सुमारे दोन हजार माणसे बसतात. तेथे उघड्या गळ्याने ख्याल गा म्हणून कोणाला सांगणे क्रूरपणाचे होईल. आमची तक्रार ध्वनिक्षेपक असण्याविषयी नसून त्याने काय करावयाचे ठरविले आहे त्याविषयी आहे. दूरच्या माणसास जवळच्या माणसाइतके ऐकू यावे, एवढेच त्याचे मूळ काम. आज तो जवळच्या माणसास दूरच्या माणसाइतके बधिर करण्याचे कामही करू लागला आहे.

आमचे एक स्नेही आहेत, ऐंशीच्या घरातले, निवृत्त अध्यापक. गेल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्यासह शहरातील एका सभागृहात गायनास गेलो. गायिका नामवंत, साथीदार उत्तम, सभागृह तीन चतुर्थांश भरलेले. गायिकेने मंद्र षड्ज लावला आणि आमच्या छातीच्या फासळ्या हादरल्या. तबल्याच्या बायाँचा प्रत्येक घुमारा पोटात गुद्दा मारल्यासारखा लागत होता. तानपुरे दोन होते, ते दिसत होते. ऐकू येत होते ते एका विजेच्या पेटीतले. पाऊण तासाने आमच्या स्नेह्यांनी खिशातून कापूस काढला आणि त्याचे बोळे कानात घातले. वऱ्हाड-नागपुरात कापूस मुबलक आहे हे खरे, परंतु गाणे ऐकावयास जाताना तो बरोबर न्यावा लागावा, हे आमच्या पूर्वजांच्या कल्पनेबाहेरचे होते. मध्यंतरात ते घरी गेले, आणि त्यानंतर कोणत्याही मैफलीस गेले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, घरी निदान आवाज कमी करण्याची खुंटी आपल्या हाती असते.

या म्हणण्यास शास्त्राचा आधार आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही कानाची मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबलांगणिक तो अवधी निम्मा होतो; शंभर डेसिबलांशी पाव तास उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी नियम सुचविला तोही पंधरा मिनिटांची सरासरी शंभर डेसिबलांवर जाऊ नये असा. ही सहन करण्याची कमाल मर्यादा आहे, ऐकण्याचे प्रमाण नव्हे. आणि ख्यालास तिच्या आसपासही फिरकण्याचे कारण नाही. शिवाय कानाची एक खोड अशी की, मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज त्याला ऐकू येईनासा होतो. तबला व मुख्य स्वर चढविले की तानपुरा, सारंगी, गायकाचा कणस्वर हे सर्व त्या आवाजाच्या छायेत लपतात. म्हणजे आवाज वाढविल्याने गाणे अधिक ऐकू येण्याऐवजी कमी ऐकू येते. हे विधान विरोधाभासी वाटेल, पण पुढच्या मैफलीत लक्ष देऊन पाहावे.

साउंडवाल्यांना दोष देण्याची रीत पडली आहे, ती आम्हास मान्य नाही. बिचारा दुपारी रिकाम्या सभागृहात यंत्रे जुळवितो. संध्याकाळी तेथे शेकडो माणसे, त्यांच्या शाली, स्वेटर, कोट यांसह येऊन बसतात. प्रत्येक जण एकेक गादीच समजा. दुपारचा हिशेब सगळा चुकतो. त्यातच गायक 'तानपुरा थोडा वाढवा' म्हणतो, तबलजी स्वतःकडील ध्वनिक्षेपकाकडे बोट दाखवून अंगठा वर करतो, पेटीवाला मान हलवितो, आणि मागच्या रांगेतून कोणी 'आवाज!' म्हणून ओरडतो. पूर्वी नांदी असे, हल्ली पहिला अर्धा तास हा संवाद असतो. चौघांच्या चारही मागण्या वाढविण्याच्याच. कमी करा असे कोणी म्हणत नाही. त्या माणसाने काय करावे? रागाची ओळख असणारा, साथीदाराइतका मान व बिदागी मिळणारा माणूस त्या यंत्रामागे बसविल्याखेरीज यात फरक पडणार नाही. तंबोऱ्यावर शिष्य बसवितात तो सुरेल आहे की नाही हे पाहतात. आवाजाची सर्व खुंट्या ज्याच्या हाती, त्याचे कान कसे आहेत हे कोणी विचारीत नाही.

उघड्या मैदानावरील कार्यक्रमांची गोष्ट थोडी वेगळी, आणि तेथे नागपूरची हवा गाण्यास अनुकूल आहे. उन्हाळ्याच्या दिवसा तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर उधळून जातो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेहून थंड होते, आणि मग ध्वनी खाली वाकून दूरवर जातो. पौषात मध्यरात्री अजनीकडील इंजिनाची शिटी दोन मैलांवर उशाशी ऐकू येते, ती त्यामुळेच. तेव्हा हिवाळी मैदानात कमी आवाजावर भागते. तरी तेथे मात्र भिंतीएवढे ध्वनिक्षेपक रचण्याची चढाओढ दिसते. शंभर मीटर अंतरावर बसलेल्यास स्वर सेकंदाच्या सुमारे तीन दशांश उशिरा पोहोचतो. पडद्यावर गायकाचे ओठ मिटलेले असतात आणि सम नंतर येते. त्याची 'वाहवा' परत गायकाकडे जाईतो गायक पुढच्या आवर्तनात असतो.

हा 'वाहवा'चा प्रवास आम्हास फार महत्त्वाचा वाटतो. घरी बसून ऐकणाऱ्याची सर्व सोय होते, परंतु त्याच्या ऐकण्याने गाण्यात केसाएवढाही फरक पडत नाही. बैठकीत पडतो. समोरचा एक माणूस नकळत मान हलवितो, गायक ती जागा पुन्हा घेतो, निराळी करून घेतो. एखादी जागा कोणालाच पोहोचली नाही असे दिसले की ती सोडून देतो. ध्वनिमुद्रिकेत जे आपण ऐकतो तेही कोणा समोर बसलेल्या माणसाच्या मानेने घडविलेले असते. तो माणूस घरी राहिला असता तर आपल्या घरात जे वाजते आहे ते निपजलेच नसते. आमच्या स्नेह्यांना आम्ही हे सांगितले. त्यावर ते म्हणाले, 'त्या प्रकाशाच्या झोतात गायकाला माझी मान दिसते कोठे?' याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

घराच्या बाजूने आणखी एक बळकट मुद्दा आहे तो काळाचा. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी केली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वर्षाकाठी थोड्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत मोकळीक देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. नियम चांगला आहे. वरातींच्या वाद्यांनी जागलेला कोणीही त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. परंतु त्यामुळे रात्रभराची मैफल संपली. दरबारी, मालकंस, अडाणा, पहाटेचा ललत हे राग आता समारंभांत अवेळी, साडेआठ-नऊला, घाईने गायिले जातात किंवा गायिलेच जात नाहीत. मध्यरात्रीचा राग मध्यरात्री ऐकावयाचा तर घर हीच जागा उरली. नियम मात्र नीट वाचावा. त्याचा रोख उघड्यावरील आवाजावर आहे. बंद दाराआड चाळीस माणसांपुढे एक गायक ध्वनिक्षेपकाशिवाय गात असेल, तर त्याची कोणाच्या झोपेस बाधा नाही.

अशी एक बैठक गेल्या माघात आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आपल्या घरी केली. वरच्या मजल्यावरची खोली, अठरा फूट लांब, गाद्या शेजारच्या तीन घरांतून आणलेल्या. पंखा बंद, शीतकपाटाची तारही काढून ठेवलेली, कारण त्याचे गुणगुणणे गायकाच्या षड्जाशी जुळत नव्हते. गायक तरुण होता, त्याचे नाव अजून पत्रकांवर मोठ्या अक्षरांत छापले जात नाही. त्याने आरंभ केला तेव्हा पहिली दहा मिनिटे आम्हास काहीतरी कमी आहे असे वाटत राहिले. शेजारचे दोघे तर पुढे सरकून बसले. कान सवयीने आवाज येऊन आपणास गाठील अशी वाट पाहत होते, आणि आवाज जेथल्या तेथे, गायकाच्या तोंडाशी होता. मग तानपुरा ऐकू येऊ लागला. तो आधीपासून वाजतच होता, पण आता त्याच्या चारही तारा सुट्या झाल्या, आणि खर्जाच्या तारेतून उमटणारा अंतर्गांधार खोलीच्या एका कोपऱ्यात ऐकू येई, दुसऱ्यात येत नसे. आम्ही जागा बदलून हे पाहिले. कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत कोपरा बदलण्याची सोय नाही.

आमचे ऐंशीच्या घरातले स्नेही आले होते. त्यांना भिंतीशी लोड दिला होता, तो त्यांनी सोडला आणि गायकासमोर चार हातांवर जाऊन बसले. साडेअकराला मालकंस सुरू झाला. विलंबितात एकदा गायकाने मध्यमावर स्वर इतका बारीक केला की तो थांबला की चालू आहे हे कळेना. बाहेर रस्त्यावरून एक ऑटो गेला आणि तेवढ्यापुरता स्वर बुडाला, ऑटो गेल्यावर पुन्हा वर आला. स्नेह्यांची मान हलली. गायकाने ती पाहिली, कारण तो मध्यम त्याने पुढच्या आवर्तनात पुन्हा घेतला, या वेळी खालून धैवत दाखवून. पुढची बैठक मार्गशीर्षात त्याच खोलीत ठरली आहे. जागा चाळीसच आहेत; यजमानांनी फक्त एवढेच कळविले आहे की, ज्यांच्याकडे जादा गाद्या असतील त्यांनी आदल्या दिवशी पोहोचत्या कराव्यात.